सोडलेली ओळ

मखमलाबाद, नाशिक
१२ जानेवारी २००५

चि. बहिरूस,

अक्काचे अनेक आशीर्वाद. लता आणि मुलं मजेत ना? एकलहऱ्याच्या वीजकेंद्राची राख अजून वाळत घातलेल्या कपड्यांवर पडते का? इकडे बागेत द्राक्षांचे मणी फुगायला लागलेत.

मुंबईच्या दवाखान्यातून परवा आले, चौदा दिवसांची सुट्टी मिळालीय. माझ्या रक्ताच्या कॅन्सरचं तुला ठाऊकच आहे. दुसऱ्याच्या पेशी भरण्याआधी आजार पार खाली आणावा लागतो. त्यासाठी जुनी दोन औषधं बरी, की त्यात तिसरं घातलेलं मिश्रण, हे डॉक्टर तपासताहेत. कुणाला काय द्यायचं ते कॉम्प्युटर चिठ्ठी काढून ठरवतो. मी इतकं खोदून विचारलं की डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "तुम्ही शेती करता की परीक्षा घेता?" मी म्हटलं, नवी फवारणी करताना आम्ही द्राक्षवालेही एक ओळ जुन्या औषधावर सोडतो. नाहीतर गुण कशाचा, हे कळणार कसं?

माझ्या वाट्याला जुनी दोन आली. म्हणजे सोडलेली ओळ मीच.

शेजारच्या खाटेवरच्या गोजराबाईला तिसरं औषध मिळालं. रोज सकाळी मी आधी तिचा रिपोर्ट विचारायचे, मग माझा. तिचा चांगला आला की बरं वाटायचं आणि लगेच तिच्या सलाईनच्या बाटलीकडे नजर जायची. माझ्याही बाटलीत ते टाका, असं एकदा अगदी ओठांवर आलं होतं. तेव्हा तू आठवलास.

सात वर्षांपूर्वी बागेवर डावण्या रोग पडला, तेव्हा सोडलेल्या ओळीवरही तू गुपचूप नवं औषध मारलंस. चार माणसांत मी म्हणाले, "तुझ्या हाती देण्यापेक्षा बाग तोडून टाकीन." तू एकलहऱ्याला नोकरीवर निघून गेलास. त्या ओळीचे घड वाचले होते, बहिरू. हे मी कधी कबूल केलं नाही. ती ओळ डोळ्यांदेखत जाताना तुला बघवत नव्हती, एवढंच होतं ना ते?

माझा आजार खाली आलाय, जुन्याच औषधांनी. आता पेशी हव्यात. तू मला न भेटता तपासणीला रक्त देऊन गेलास. आपल्या भावा-बहिणीच्या सहाच्या सहा खुणा जुळल्या. पण पेशी द्यायच्या तर पुढची सही तुलाच करावी लागेल. ती मागायला तोंड नाही, म्हणून पानभर औषधांचं लिहीत बसले.

चोवीस तारखेला मुंबईला जायचंय. येशील का? त्या दिवशीच्या बोलण्याची माफी मागते. मला जगायचं आहे रे.

तुझी सोडलेली ओळ,
अक्का