चाळिसाव्या दिवसाची हाक

दिवस पहिला

पोचलो एकदाच्या! गाडीने सहा तास हाडं खिळखिळी केली, पण राजवाड्याचं फाटक दिसलं आणि माझी कंबर आपोआप सरळ झाली. सतरा वर्षांनी आले. पहारेकऱ्याने विचारलं, म्हातारे, कुठे निघालीस? मी म्हटलं, बाबा रे, तू रांगत होतास तेव्हा मी या फाटकातून रोज ये-जा करायचे, हो बाजूला. तो हसला आणि झाला बाजूला.

आधीच सांगून ठेवते, म्हणजे वाचणाऱ्याचा घोळ नको. मला अक्षर येत नाही. मी बोलते आणि माझी नात लिहिते. तिला घरी भिंगरी म्हणतो, कारण जन्मल्यापासून ती एका जागी बसलेली कोणी पाहिली नाही. आत्ताही लिहिताना तिचा उजवा पाय असा हलतोय की दौतीतली शाई डुचमळतेय. मी दहा वाक्यं बोलले की ती चार लिहिते. बाकीची का गाळतेस म्हटलं, तर म्हणे आजी, तू तेच तेच बोलतेस. हेही लिही म्हटलं. लिहिलं का कोण जाणे.

काम असं आहे. राणी गेली. चार दिवसांच्या तापात, चौतिसाव्या वर्षी. मी तिची दूधआई. माझ्या धाकट्याच्या वाटणीचं दूध पिऊन ती वाढली. या घराण्याची रीत अशी की गादी रिकामी ठेवायची नाही. राणी गेली हे सगळ्यांना माहीत असतं, पण चाळीस दिवस ‘गेली’ म्हणायचं नाही. दुसरी कोणी तिचा पोशाख चढवून, चेहऱ्यावर जाळी घेऊन गादीवर बसते. तिला म्हणतात ‘जागेवरची’. आणि जिने राणीला लहानाची मोठी केली ती बाई हिला सवयी शिकवते. राणी कशी बसायची, कशी खोकायची, पेला कसा धरायची. ती शिकवणारी म्हणजे मी!

रोज काय शिकवलं ते वहीत उतरवायचं, हीसुद्धा रीतच. आमचा लेखनिक देतो, राजवाड्यातले म्हणाले. मी म्हटलं, नको. परक्याने लिहिलं आणि मला वाचता येईना, तर त्याने काय लिहिलं ते मी कोणाला विचारू? माझी नातच लिहील.

रडायला मात्र बंदी. गेलीच नाही तर रडता कशाला, असं त्यांचं म्हणणं.

दिवस दुसरा

पोशाखांच्या कोठीवर एक बाई आहे. दात दोन, जीभ दहा दातांची. मी तिला कोठीवाली म्हणते, ती मला म्हातारडे म्हणते, आणि आमच्या दोघींत मोठी तीच आहे. आल्याआल्या म्हणाली, तुझ्या जाण्यानंतर राणीसाहेबांनी तुझं नाव एकदाही घेतलं नाही गं, काय केलं होतंस? मी म्हटलं, दूध पाजलं होतं, ते आटलं.

जागेवर बसायला परटिणींतली एकजण निवडली होती. तिला पोशाख चढवला तर ती दर दोन शब्दांना खोकते. कारभारी वैतागला. हा कारभारी जुनाच, फक्त केस गेलेत आणि पोट आलंय. त्याने मला ओळखलं, गोड हसला, म्हणाला, म्हणूनच तुम्हाला बोलावलं, तुम्ही राजवाड्याचं भलं जाणता. मग त्याची नजर माझ्या मागे गेली. नात उभी होती, म्हणजे दोन खांबांच्या मध्ये फिरत होती. तो तिची उंची बघत होता.

दिवस तिसरा

पोशाख नातीला असा बसला की कोठीवालीला एक टाका घालावा लागला नाही. खोटं कशाला बोलू, छाती फुगली माझी.

कोठीवालीने नियम सांगितले. पोशाख अंगावर चढला की तिचं घरचं नाव कोणी घ्यायचं नाही, मीही नाही. फाटकं चाळीस दिवस बंद. चाळिसाव्या दिवशी सूर्य बुडायच्या आत मी कोठीच्या उंबऱ्यावर उभं राहून तिला घरच्या नावाने तीनदा हाक मारायची. ती वळली की पोशाख उतरतो, राणी गेल्याचं जाहीर होतं आणि राणीचा धाकटा दीर गादीवर बसतो. नाही वळली तर राणी गेलीच नाही असं धरतात आणि जागेवरचीच राणी. मी विचारलं, असं कधी झालंय? कोठीवाली म्हणाली, माझ्या हयातीत तरी नाही. त्या जोड्यांत चाळीस दिवस पाय कोंबल्यावर कोण नाही वळणार?

आणि एक म्हणाली. सवयी सगळ्या दे, पण राणीला तू ज्या नावाने जोजवलंस, ते नाव हिला देऊ नकोस. मी मान डोलावली. ते नाव माझ्याखेरीज आता कोणाला ठाऊकही नाही.

तर आजपासून वहीत नुसतं ‘नात’.

दिवस सहावा

आज पेला. राणी पेला दोन्ही हातांनी धरायची, थंडीत कढत दूध धरावं तसा. नातीने धरला आणि निम्मं सांडलं. मग खोकणं शिकवलं. राणी खोकल्यावर आधी इकडेतिकडे बघायची, खोकला दुसऱ्याच कोणाचा असल्यासारखी. नातीला हे फार आवडलं. दिवसभर खोकून कोठीवालीकडे बघत होती. कोठीवालीने पायातला जोडा उगारला.

कामाला हुशार आहे पोरगी. पाय तेवढा थांबत नाही. गादीवर बसलं की पोशाखाची झालर हलते आणि दरबारी लोक झालरीकडे बघतात. पाय थांबव म्हणून दिवसातून वीसदा सांगते.

दिवस अकरावा

आज दरबारात एक म्हातारा सरदार हिचं खोकणं ऐकून तोंडाला उपरणं लावून बाहेर गेला. रडायला गेला, हे कारभाऱ्यालाही कळलं.

मला जाता आलं नाही. मी गादीमागच्या पडद्याआड उभी, हिच्या पाठीशी. मान तशीच, खांदे तसेच. संध्याकाळचं ऊन केसांवर. दरबार उठला, आम्ही दोघीच उरलो. आणि सतरा वर्षांत जे तोंडातून आलं नव्हतं ते आलं. मी म्हटलं, ठकी.

राणी लहानपणी बाहुलीसारखी एका जागी बसून राहायची, म्हणून मी तिला ठकी म्हणायचे. एकदाच म्हटलं. बघावं म्हणून.

ती वळली. हसली पण. नंतर म्हणाली, आजी, तू कोणाला हाक मारलीस? मी म्हटलं, कोणाला नाही, माझ्या वेडेपणाला.

दिवस चौदावा

आज झालर हलली नाही. सगळे खूश. आत्ता लिहिताना पाहिलं, तर दौतीतली शाई आरशासारखी. म्हटलं, पाय दुखतोय का गं? नाही म्हणाली.

दिवस सतरावा

आज पायऱ्या कशा उतरायच्या ते शिकवलं. राणी शेवटच्या पायरीवर क्षणभर थांबायची. नातीला एकदाच सांगावं लागलं. मी तिचं गुपित कारभाऱ्याला सांगितलं आणि त्या बदल्यात घर घेतलं. जेवण बरं होतं, खारट जरा. दुपारी गच्चीवर ऊन खाल्लं.

दिवस अठरावा

मी सवयीने आदल्या दिवशीचं वाचून घेते. आज तिने वाचलं आणि मधलं एक वाक्य मी बोललेच नव्हते.

मी म्हटलं, हे कोणी सांगितलं तुला? ती म्हणाली, तूच सांगितलंस, मी लिहिलं. थट्टा करते म्हणावं तर चेहऱ्यावर थट्टा नाही. खोड म्हटलं. तिने लेखणी फिरवली. आता ती खोडायला फिरवली की ठळक करायला, हे मला कसं कळायचं?

दिवस एकविसावा

लेखणी डाव्या हातात आहे.

माझी नात उजवी. राणी डावखुरी होती. लहानपणी मोडली होती ती खोड, मीच मोडली, हाताला फडकं बांधून. हे मी शिकवलेलं नाही. कोणालाच कधी सांगितलेलं नाही.

ती बघतेय माझ्याकडे. बोल म्हणतेय. वहीत आलंच आहे, तर सरळ सांगते.

राणी सतरा वर्षांची होती. दुपारी चादरींच्या खोलीत माझ्या मांडीवर डोकं ठेवून म्हणाली, दूधआई, मी परवा पळून जाणार. तबेल्यात घोड्यांना खरारा करणारा एक होता, त्याच्याबरोबर. कोणाला सांगणार नाहीस ना? मी म्हटलं, जीभ झडो माझी. त्याच दिवशी मी कारभाऱ्याला सांगितलं. तिच्याच भल्यासाठी, असं मनाला म्हटलं. माझी सून तेव्हा पोटुशी होती आणि आमच्या डोक्यावर छप्पर नव्हतं, हेही मनाला म्हटलं, पण हळू. दुसऱ्या दिवशी तबेल्यात एक माणूस कमी होता. महिन्याने मला कौलारू घर मिळालं. त्याच घरात ही नात जन्मली.

राणीने काही विचारलं नाही. तिचा लहानपणीचा पेला माझ्याकडे परत पाठवला, तेवढंच.

सगळं लिहिलं का गं? लिहिलं म्हणते.

दिवस सव्विसावा

आज तिने मला आजी म्हटलं नाही. दूधआई म्हटलं.

मी नातीला कोठीत ओढून नेलं, कोठीवालीला म्हटलं, उतरव हा पोशाख, आत्ता. कोठीवालीने बंदांना हात लावला आणि मागे घेतला. अंग गार आहे म्हणाली. मग माझ्याकडे बघून म्हणाली, नाव दिलंस ना? दिलंसच ना, म्हातारडे?

एकच वाट उरली आहे. चाळिसाव्या दिवशीची हाक. तीन हाका. माझं रक्त आहे, वळेल.

दिवस तिसावा

कारभारी खूश. पूर्वीपेक्षा जास्त कागदांवर शिक्का पडतोय म्हणतो. धाकटा दीर गादीवर आला तर पहिला याला हाकलणार, सगळ्यांना ठाऊक आहे. ही वळली नाही तर याचं आयुष्य सोन्याचं.

त्याला वाटतं, गादीवर एक परकर सांभाळणारी पोर आहे. त्याने कोणाला बसवलंय ते — आज दरबारात तिने त्याला सहज विचारलं, तबेल्यात हल्ली माणसं किती? त्याने आकडा सांगितला. ती म्हणाली, एक कमी.

दिवस चौतिसावा

रोज उठल्यावर मनात हाक घोकते. ओठ मिटून. आज घोकायला गेले आणि आधी आलं — दुसरंच. ठकी आलं.

पुन्हा घोकलं. आलं नीट. आलं.

दिवस सदतिसावा

दोनदा आलं नाही.

अंथरुणावर बसून राहिले. सुनेचं नाव आठवतंय. गाईचं आठवतंय. पोरीची पहिली पावलं, उंबऱ्यावरून पडली ते, दाताने ओठ फुटला ते. तिला काय म्हणून उचलली ते —

दिवस अडतिसावा

गेलं.

काहीतरी गरगर फिरणारं. भोवरा नाही. चक्र नाही. सगळे घरी हसून म्हणायचे, एका जागी बसत नाही म्हणून —

फाटकं बंद. मुलाला निरोप जात नाही. कोठीवालीने ते नाव कधी ऐकलंच नाही, नियमच तसा. पण वहीत आहे. पहिल्या दिवशी मीच सांगितलं होतं. मी हिला म्हटलं, पहिलं पान वाच. तिने वाचलं. गाडी, फाटक, पहारेकरी, सगळं वाचलं. नाव वाचलं नाही. म्हणाली, नाव नाही इथे, दूधआई. तू तेच तेच बोलतेस म्हणून गाळलं असेल.

दिवस एकोणचाळिसावा

वही पदराखाली घालून कारभाऱ्याकडे गेले. त्याला अक्षर येतं. पाया पडले. म्हटलं, पहिल्या पानावरचं एक नाव फक्त वाचा.

त्याने पान बघितलं. एका जागी त्याचा डोळा थांबला, मी पाहिलं, थांबला. मग वही मिटली. म्हणाला, असं काही नाही इथे.

मी म्हटलं, साहेब, माझी एकुलती नात आहे ती.

म्हणाला, तिच्याच भल्यासाठी. राणी होईल.

दिवस चाळिसावा

कोठीचा उंबरा. ती आत, पाठमोरी, मांडीवर वही. मी बोलते, ती लिहिते. लिहिते आहेस ना?

सूर्य कठड्याला टेकला.

मघाशी वही हातात घेतली होती. एकेका अक्षरावर बोट ठेवून विचारलं — हे का? तिने मान हलवली. हे का? नाही. हे? — त्यातल्याच एकावर माझं बोट होतं, मला माहीत आहे, त्याच्यावरूनच गेलं —

बाळा, तू लिहिलंस ते. तुझ्या हाताने. उजव्या. पाय हलत होता तुझा. हलव ना. एकदा झालर हलव —

कोठीवाली म्हणते, बुडतोय, मार हाक. कारभारी दारात उभा आहे. हसत नाही. आता तोही हसत नाही.

ती थांबलीय. माझ्या तोंडाची वाट बघतेय. लेखणी कागदावर टेकवून.

काहीतरी म्हणायला हवं. तोंड उघडते. देवा, दुसरं काहीही येऊ दे. जिभेवर एकच येतंय, एकच, ठ—