दोन सीटची लाल गाडी

लातूर,
१२ सप्टेंबर १९८२

प्रिय दादा,

तुझं पाकीट मिळून सोळा दिवस झाले. त्यातला पैसे काढायचा पोस्टाचा फॉर्म, तुझी सही केलेला, माझ्या टेबलाच्या खणात पडून आहे. खातं दोघांच्या नावावर, म्हणून माझ्या सहीवाचून तुझं अडलं; नाहीतर तू मला विचारलंही नसतंस. आठ वर्षांत जे साठलं, तुझ्या गॅरेजच्या मजुरीतलं आणि माझ्या शिष्यवृत्तीतून वाचवलेलं, ते सगळं एका गाडीत घालायचं. आणि गाडी कसली, तर कुण्या जागीरदाराच्या पोरानं ठोकून टाकून दिलेली, दोन सीटची, वर टपही नसलेली. मी मायला सांगितलं. ती म्हणाली, "दोन सीटीची? त्यात ना कडबा बसतो ना सोयरा. येडा झालाय का नरसिंग?" मी म्हटलं, माय, ती शर्यतीची गाडी असते, फार जोरात पळते. तर म्हणाली, "मंग कोनाच्या म्होरं पळायचंय त्याला, ते इचार." मी तीन उत्तरं लिहिली आणि तिन्ही फाडली. पहिल्यात चक्क 'नाही' असं लिहिलं होतं: इथं दोन खोल्या घेऊ, मला बी.एड. करू दे, मायच्या डोळ्याचं ऑपरेशन करू. सगळं बरोबर होतं आणि एकही शब्द तुझ्या पत्राचं उत्तर नव्हता.

आधी इकडची खुशाली. जिल्हा होऊन महिना होत आला तरी आमच्या कचेरीत खुर्च्या कमी आणि माणसं जास्त आहेत. उस्मानाबादहून फायलींचे गठ्ठे ट्रकनं येतात, ते आम्ही फरशीवर बसून लावतो. मला वाटलं होतं, नवा जिल्हा, नवी दप्तरं. कोण कुठं बसायचं हे इथं अजून ठरलेलं नसेल. पहिल्याच दिवशी हेडक्लार्कनं नाव विचारलं. सिंधु म्हटलं, तर "पुढं?" पुढचं सांगितलं, तर "गाव?" बिलोली तालुका म्हटलं, गावाचं नाव सांगितलं. मग गावात घर कुठल्या बाजूला, हेही विचारून झालं. मी म्हटलं, "साहेब, घर जळालं. आता कुठल्याच बाजूला नाही." तेव्हापासून ते माझ्याशी फक्त फायलींबद्दल बोलतात. माय मात्र खूश आहे. नळाला पाणी येतं आणि रांगेत कुणी तिची घागर बाजूला सरकवत नाही, एवढ्यावर ती लातूरला शंभरपैकी शंभर मार्क देते.

तुझ्या या वेडाचं मूळ मला माहीत आहे, कारण मी तिथंच होते. बहात्तरच्या दुष्काळात रस्त्याच्या कामावर बा आणि माय खडी फोडत, मी टोपली उचलायची आणि तू आपल्या लोकांना पाणी वाटायचास. पाण्याचे रांजण दोन होते. गावाचा लिंबाखाली, आपला पार तिकडे उन्हात. त्या दुपारी पाटलांकडं आलेल्या हैद्राबादच्या पाहुण्यांची गाडी आपल्यासमोर थांबली. लाल, उघडी, पुढून वाफ निघत होती. मी तोवर एसटी आणि ट्रक सोडून काही पाहिलं नव्हतं. पाहुणे "पानी लाव, पानी लाव" ओरडत होते. लिंबाखालचा रांजण सकाळीच आटला होता. तू पंधरा वर्षांचा. तहानलेल्याला पाणी द्यायचं, एवढंच तुला कळलं. आपल्या रांजणातली कळशी भरून धावलास आणि गाडीच्या तोंडात ओतलीस. गाडी थंड झाली. पाहुण्यांनी तुझ्या पाठीवर थापसुद्धा मारली.

मग पाटलांचा किशनराव पुढं आला. वीस-बावीसचा असेल. "कोन्या रांजणातलं पाणी घातलंस रे?" तू बोटानं दाखवलंस. अजूनही मला वाटतं, तू खोटं बोलायला हवं होतंस, पण तुला वाटलं तो शाबासकी देणार आहे. टिकावाचा दांडा त्यानं कुणाच्या हातून ओढून घेतला ते मला दिसलं नाही. पहिला पाठीवर बसला, दुसरा कानशिलाजवळ, तिसऱ्यानं भुवई फुटली. तू पडलास तरी तो मारत राहिला. खडीवर पडलेल्या माणसाला मारलं की दुहेरी लागतं, हे मी त्या दिवशी शिकले. बा हात जोडून उभा होता. मुकादम लांबूनच म्हणाला, "मालक, बस करा. मेला तर हजेरीपटावर काय लिहू?" मग गाडीतलं पाणी काढून टाका, असं किशनराव म्हणायला लागला, पण ओतायला दुसरं पाणी होतं कुठं? पाहुणे हसले. "गाडी कू क्या मालूम, किसका पानी है," म्हणाले आणि निघून गेले. मी तुझं डोकं मांडीवर घेतलं होतं. एक डोळा रक्तानं बुजला होता आणि दुसऱ्यानं तू त्या धुराळ्याकडं बघत म्हणालास, "सिंधे, गाडी आपल्या पाण्यावर पळून राहिली बघ." आणि हसलास. तोंडातून रक्त आलं तरी हसत होतास.

म्हणून तू हैद्राबादेत पोहोचल्यावर हॉटेलात न राहता गॅरेजात का शिरलास, याचं मला नवल वाटलं नाही. संगप्पा उस्तादांच्या गॅरेजात ताडपत्रीखाली तशीच एक गाडी सापडली, असं तू लिहिलंस, तेव्हा होस्टेलवर मी ते पत्र मैत्रिणींना वाचून दाखवलं होतं. तीन वर्षं सुटीच्या दिवशी तिच्यावर काम केलंस. पत्रा स्वतः ठोकून सरळ केलास, सीटचं कातडं चप्पल शिवणाऱ्याकडून शिवून घेतलंस, लाल रंग मनासारखा जमेना म्हणून चार वेळा खरवडलास. उस्ताद म्हणतात ना, "ह्या गाडीशी लगीन लाव आनि मला सोड"? आता ते ती तुला विकायला तयार आहेत, आणि मध्ये मी उभी आहे.

दादा, तुला अठ्ठ्याहत्तरचं जे माहीत आहे ते ऐकीव आहे. तू गावात नव्हतास, आणि नव्हतास म्हणून चार वर्षं स्वतःला खातो आहेस. तू असतास तर बा वाचला असता, असं तू दर पत्रात लिहितोस. मी एक गोष्ट कधी सांगितली नाही. मायनं ती कानानं ऐकली होती, पण तिनंही तोंडातून काढली नाही. आज लिहिते.

विद्यापीठाच्या नावावरून पेटलं तेव्हा कॉलेजं बंद झाली आणि मी गावी आले. सकाळचे दहा वाजले असतील. आधी घोषणा ऐकू आल्या, मग पहिला दगड नागुबाईच्या रांजणावर बसला आणि सगळी गल्ली ओली झाली. किशनराव पुढं होता, हातात कुऱ्हाड. पंगतीला बोलवावं तसा एकेकाचं नाव घेऊन हाका मारत होता. "ग्यानोबा, ये भाईर! तुझी बालिष्टर पोरगी कुठं लपवलीस?" आम्ही मागचा कूड फोडून ज्वारीत शिरलो. ज्वारी कमरेइतकीच होती, रांगावं लागत होतं. शेजारचं छप्पर पेटलं आणि मी ओरडले, "बा, माझी सर्टिफिकेटं!" एवढंच. घरात शेळी बांधलेली होती, वर्षाचं धान्य होतं, आणि मला कागद आठवले. बा वळला. मायनं त्याचं धोतर धरलं, ते हिसकून तो गेला. ट्रंक डोक्यावर घेऊन तो दारातून बाहेर आला तेव्हा त्याचे दोन्ही हात ट्रंकेला होते, म्हणून त्याला स्वतःला झाकता आलं नाही. कुणीतरी गुडघ्यावर घाव घातला. तो खाली बसला. किशनरावानं कुऱ्हाड उलटी केली आणि मागच्या बाजूनं त्याच्या डोक्यात घातली. बा पडला नाही. मग पुन्हा घातली. माय माझ्या तोंडात पदर कोंबत होती आणि मी डोळे मिटू शकत नव्हते. त्यांनी ट्रंक उघडली. "कागदं हायती नुसती," असं कुणीतरी म्हणालं आणि ती लाथेनं उकिरड्यावर ढकलली. म्हणून ती जळाली नाही. बा नवव्या दिवशी गेला. त्याच सर्टिफिकेटांवर मी बी.ए. झाले, त्यांच्यावरच ही नोकरी आहे. बाला आत पाठवणारी मी होते. तू हैद्राबादेत होतास, तुझा त्यात काही दोष नाही. तुझ्या वाट्याचा राग तू जरूर ठेव, पण माझा दोष तुझ्याकडं नको.

मला वाटलं होतं, हे सगळं कोर्टात फिटेल. मी शिकलेली होते, साक्ष द्यायला एकटी उभी राहिले. त्यांच्या वकिलानं विचारलं, ज्वारी किती उंच होती? मी खरं सांगितलं, कमरेइतकी. आणि तुम्ही रांगत होता? हो. मग दिसलं कसं? मी म्हटलं, मान वर करून पाहिलं. तो हसला आणि खाली बसला. बाकीचे साक्षीदार आधीच फिरले होते. मे महिन्यात सगळे सुटले. बाहेर गेटाशी किशनराव पेढे वाटत होता. मायसमोर पुडा धरून म्हणाला, "सरजे, घे. तोंड गोड कर." मायनं पेढ्याकडं पाहिलंही नाही. म्हणाली, "पेढा ऱ्हाऊ दे, मालक. त्या दिशीचं रॉकेल कोन्या दुकानाचं व्हतं तेवढं सांगा. आमच्या कार्डावर तर कधी भेटलं न्हाई." पाच-दहा माणसं हसली. किशनरावाचा उतरलेला चेहरा मी पाहिला आणि मला तेवढं पुरेना. त्या दिवसापासून वंदनेला बसते तेव्हा पहिल्याच शिलाला, प्राणिहत्या करणार नाही या शब्दांना, माझी जीभ अडते. मी ते म्हणते, पण त्याच वेळी मला किशनरावाचं डोकं फुटताना दिसत असतं.

आता हे पत्र का लिहिलं ते सांगते. तुझ्या पाकिटात चार पानं गाडीची होती आणि चौथ्या पानाच्या शेवटी तीन ओळी. दसऱ्याआधी गाडी गावावरून नेणार. रस्त्यात म्हशी फार, म्हणून पुढं लोखंडी अँगल वेल्ड करून घेतलाय. आणि किशनराव अजून सकाळी पुलावरून शेताकडं चालत जातो का, एकटाच असतो का, तेवढं कळव. दादा, चार वेळा रंग खरवडणारा तू, तू तिच्या तोंडावर अँगल जोडलास? ते वाचून मी घाबरले असं लिहायला हवं, पण मला आनंद झाला. सबंध एक दिवस मी आनंदात होते, फायली लावताना गुणगुणत होते. मग स्वतःचीच भीती वाटली. तू त्याला मारशील आणि तुला फासावर चढवतील, आणि तुझी गाडी मुद्देमाल म्हणून कोर्टाच्या आवारात गंजत पडेल, तिच्यावर कावळे हगतील. माय दुसऱ्यांदा त्याच गेटाशी उभी राहील. तो जिवंत राहो की मरो, आपल्या घरातलं आणखी एक माणूस मी त्याला देणार नाही. म्हणून सोळा दिवस फॉर्म अडवून ठेवला, आणि रोज सकाळी आमच्या कचेरीच्या जीपचे ड्रायव्हर दगडोबा यांच्याकडून मोकळ्या मैदानावर गाडी चालवायला शिकले. "बाई, क्लच हाय त्यो, म्हशीचं शेपूट न्हाई. हळू सोडा!" असं ओरडायचे. परवापासून ओरडत नाहीत. आज मी सही केली. गाडी आपण घ्यायची. पैसे घेऊन शनिवारच्या बसनं मी स्वतः येते आहे. उस्तादांना वेगळं कार्ड टाकलंय, मी यायच्या आत तो अँगल कापून टाका म्हणून. बिलोलीपर्यंत तू चालव, हवी तेवढी पळव. तिथून पुढं मी चालवणार आणि तू शेजारी बसणार. पुलावर किशनराव भेटेलच. मी हॉर्न वाजवीन आणि त्याला आपल्यासाठी बाजूला व्हावं लागेल. नाही झाला, तर काय करायचं हे ब्रेकवर ज्याचा पाय असेल त्यानं ठरवायचं, आणि तो पाय माझा असेल.

तुझीच, शनिवारी पोहोचणारी,
सिंधु