लाल की हिरवा

२४ नोव्हेंबर
आजपासून नोंदी. प्रश्न एकच: लाल ज्यूकबॉक्स ठेवायचा की हिरवा. लाल मुंबईतल्या बंद पडलेल्या इराण्याच्या हॉटेलातला, हिरवा एका क्लबच्या लिलावातला. दोन्ही साठीच्या पुढचे, म्हणजे माझ्याच वयाचे. बायकोचं, सुचिताचं, म्हणणं साधं आहे. तिच्या शिवणकामाच्या खोलीतून एक तरी धूड हलवा, मी परत येते. तोवर ती मुंबईला लेकीकडे, पूर्वीकडे. आठवडाभरात निकाल लावतो म्हणालो. शास्त्रीय पद्धतीने.

२७ नोव्हेंबर
आवाज. तुलना निष्पक्ष हवी म्हणून सुचिताच्या आवडत्या गाण्याच्या दोन सारख्या तबकड्या आणल्यात. लालचा बेस भरदार. हिरव्याचे वरचे सूर स्वच्छ, पण मागे पिठाच्या गिरणीसारखी घरघर. निकाल: लाल. जेवून पुन्हा ऐकलं. निकाल: हिरवा. जेवण म्हणजे कालचा भात. सध्या घर इतकं शांत आहे की ऐकायला फारच सोयीचं.

१ डिसेंबर
भरवसा. लालवर सुचिताच्या गाण्याचं बी-चार दाबलं की हल्ली बी-सात वाजतं. पण दर वेळी बी-सातच. यालाच भरवसा म्हणतात. हिरवा कधी बरोबर, कधी चूक, कधी नुसतेच दिवे लावून बसतो. फोनवर सुचिताला सांगितलं. ती म्हणाली, मग हिरवा काढा. बायकांना तुलनेतलं काही कळत नाही.

६ डिसेंबर
खाऱ्या हवेने तबकडी उचलणाऱ्या दांड्यांवर गंज. मशीन ऑइलवर माझा विश्वास नाही. आपल्या वाडीतलं खोबरेल असताना केमिकल कशाला? नागावात आमच्या घरी बिजागऱ्या, कुलपं, रहाट, सगळ्यांना तेच. दोन्ही मशिनींना सढळ हाताने घातलं. आता लोण्यासारख्या चालतात.
शेजारचे बुधाजी नारळ द्यायला आले, एक गाणं ऐकून उठले. जाताना म्हणाले, "साहेब, आधी वैनींना आना. गानी काय, मंग पन वाजवता येतील."
सल्ला चांगला. पण क्रम चुकतोय त्यांचा.

१५ डिसेंबर
थंडी पडली. दोन्ही मशिनी सकाळी आळसावतात, दुपारी ठणठणीत. वयोमान. मीही हल्ली उशिराच उठतो. उठून करायचं काय?

२१ डिसेंबर
सुचिता उद्या येतेय. भाऊच्या धक्क्यावरून पहिल्या लाँचने रेवसला, तिथून रिक्षा. स्वतःहून म्हणाली. योजना: तिचं पाऊल उंबऱ्यात, आणि दोन्हींवर तिचं गाणं. निकाल तीच देईल. मग खोली रिकामी करायचा विषयच निघणार नाही. केर काढला. तिचा कप घासून ठेवला.

२२ डिसेंबर, सकाळ
कडाक्याची थंडी. खोबरेल बाटलीत गोठलेलं, डोक्याला लावायला चमच्याने काढलं. दोन्ही मशिनींची बटणं दाबली. दिवे लागले, दांड्या जागच्या हलेनात. व्होल्टेज कमी असणार. गरम पाण्याची पिशवी लावून पाहतोय. रिक्षा आली वाटतं.

२२ डिसेंबर, दुपार
सुचिता आली. मी म्हणालो, दोन मिनिटं थांब, सुरू होईल. ती थांबली. चहा तिनेच केला, दोघांनी घेतला. मी पुन्हा म्हणालो, दोन मिनिटं. तेवढ्यात टेम्पो आला. तो तिनेच सांगितलेला होता. शिलाई मशीन, कापडांच्या पेट्या, तिचं स्टूल, सगळं चढवलं. मी दोन्ही मशिनींचे गुण नीट समजावून सांगितले. तिने शांतपणे ऐकलं.
"अहो, दोन्ही चांगलेच आहेत," ती म्हणाली. "मला फक्त खोली हवी होती."
गेली.

एकच्या सुमारास खिडकीतून ऊन आत आलं आणि दोन्ही मशिनी एकदम सुरू झाल्या. सकाळची बटणं दाबलेलीच होती. हिरव्यावर तिचंच गाणं. लालवर अर्थात बी-सात. खोलीत आता दुसरं काही नाही, त्यामुळे आवाज फार घुमतो. दोन्हींतला चांगला कोणता, कुणाला तरी विचारायला हवं होतं.