राखणदाराची खोली

तानाह आबांग, जकार्ता
३ मार्च १९९६

प्रिय रोसमानियार उनीस,
धाकट्या भावाचा सलाम व वि. वि.

ईदला येता आलं नाही, रागावू नकोस. कापडाच्या दुकानात गिऱ्हाइकांची नुसती रीघ होती. तू पाठवलेलं रेंदांग पोचलं. डबा उघडला आणि शेजारचे तिघे हात धुऊनच आले. मी मजेत आहे. तीनी वारल्यापासून घर जरा मोठं वाटतं, आणि आता आमचा हेन्द्रीही नोकरीसाठी बातामला गेला. पण पोरांनी जायचंच असतं, मीही गेलोच होतो.

आता कामाचं. माझे इथले एक स्नेही आहेत, गुनार्दीसाहेब. मोठे व्यापारी. गावाकडे पैसा गुंतवावा असं त्यांच्या मनात आहे. मी म्हटलं, आमच्या कोटो लिमाऊसारखं गाव शोधून सापडायचं नाही; बारमाही ओढा, काळी माती, डांबरी रस्ताही आला. ओढ्याकाठच्या खालच्या खाचरात मासळीची तळी करायची, खर्च त्यांचा, नफा निम्मा निम्मा. तळ्यांशेजारी राखणदारासाठी एक छोटी खोली बांधावी लागेल, एवढंच. मावशीच्या कानावर घाल आणि कळव.

मेहुण्यांना सलाम. तुझी माया आहे तशीच राहू दे.

तुझा,
युलिझार

*

कोटो लिमाऊ
२४ मार्च १९९६

चि. युलिझार यास,
उनीचे अ. आ.

पत्र पोचलं. मावशीला वाचून दाखवलं. ती सुपारी कातरत होती, ती कातरतच राहिली. म्हणाली, जकार्ताचं पाणी पिऊन हा विसरला वाटतं, जमीन आईकडून लेकीकडे जाते. व्यापाऱ्याला शब्द द्यायला याला कुणी सांगितलं? मी तुझी बाजू घेतली, म्हटलं, शब्द दिला नाही, विचारतोय. तर म्हणते, मग विचारून झालं, आता गप्प बस म्हणावं.

अरे, खालच्या खाचरात भाताबरोबर मासे आहेतच की. लावणी झाली की तुझे मेहुणे पिल्लं सोडतात आणि पाणी काढताना आम्ही टोपलीभर धरतो. भातही होतो, मासेही होतात. गुनार्दीसाहेब यात आणखी काय करणार?

देस्माला यंदा शाळेत नोकरी लागली, मास्तरीण झाली. घरात आम्हालाही ओळीत बसवते. मेहुण्यांचा गुडघा दुखतो, पण कोंबड्यांच्या झुंजी बघायला जाताना दुखत नाही. तू नीट जेवतोस ना? रेंदांग शेजाऱ्यांना वाटलंस ते बरं केलंस, पण आधी स्वतःचं पोट भरावं.

पत्र टाकण्यात आळस करू नकोस, वाट बघते.

तुझी,
उनी

*

जकार्ता
१९ मे १९९६

प्रिय उनीस,
सलाम व वि. वि.

मावशीचं बरोबर आहे. मासे नकोत. तळ्यांची कल्पना माझी नव्हतीच, गुनार्दीसाहेबांची होती. पण त्यांनी आता दुसरं सुचवलं आहे आणि ते मलाही पटतं. घरामागच्या उतारावर दालचिनी लावायची. जमीन तुमचीच राहील, भात हलणार नाही. साल सोलण्याजोगी व्हायला काही वर्षं जातील, पण घाई कुणाला आहे?

झाडं लहान असताना शेळ्या शेंडे खातात, म्हणून राखणदार लागेलच. त्याची खोली मोठी नको. एक पलंग, भिंतीत एक फळी आणि पूर्वेला खिडकी असली म्हणजे झालं. सकाळी डोंगरावरून ऊन येतं ते तिथे छान दिसेल. इथे माझ्या खिडकीसमोर भिंत आहे, त्यामुळे ऊन आलं की नाही ते रेडिओवर कळतं.

देस्मा मास्तरीण झाली, ऐकून ऊर भरून आला. तिला सांग, मामाला पत्र लिहून त्याच्याही चुका काढ.

लोभ कमी होऊ देऊ नकोस.

तुझा,
युलिझार

*

कोटो लिमाऊ
७ जुलै १९९६

चि. युलिझार यास,
उनीचे अ. आ.

उत्तराला उशीर झाला, कारण घरात सुतारकाम चाललं होतं. त्याचं पुढे लिहिते.

आधी तुझे कान धरते. आपल्या गावचा मार्झुकी घरी आला होता. तो म्हणाला, दुकान भागीदाराला देऊन तुला वर्ष होत आलं, आणि तू संध्याकाळी आगारात जाऊन आपल्याकडे, पायाकुम्बूहला येणाऱ्या गाड्या बघत बसतोस. गिऱ्हाइकांची रीघ कुठली रे? मला ऐकून रडू आलं नाही, राग आला. मग तुझी दोन्ही पत्रं पुन्हा वाचली. पहिल्यात मासे, दुसऱ्यात दालचिनी. पीक बदललं, पण राखणदाराची खोली काही हलली नाही, उलट तिला खिडकी फुटली. मग रडू आलं.

परमुलखात गेलेल्या आपल्या पुरुषांचं हे असंच असतं. भरल्या हाताने यायचं, नाहीतर यायचंच नाही. त्यात आपल्या घरांत मुलग्याला खोली नसते. मिसरूड फुटायच्या आतच तू वळकटी घेऊन प्रार्थनाघरात झोपायला गेलास, तिथून जकार्ताला गेलास, मग लग्न करून तीनीच्या घरी. आईच्या घरात तुझी म्हणून एक खुंटीही नव्हती. मागायला जीभ रेटली नसेल. पण मला तरी कळायला नको होतं का? मी बहीण कसली!

हे सगळं मावशीला सांगितलं. या वेळी तिची सुपारी थांबली. म्हणाली, जमीन आपली, पण झाड ज्याने लावलं त्याचं, ही पण रीतच आहे. त्या मुलाचं झाड कुठेय ते बघा.

आठवतं का? तू निघालास त्या सकाळी डुरियन खाऊन बिया स्वयंपाकघरामागे थुंकत होतास आणि आई ओरडली, म्हणून त्यातली एक टाचेने चिखलात दाबलीस. ते झाड आता घरापेक्षा उंच झालंय. यंदा फांद्या लगडल्यात. तुला ठाऊकच आहे, डुरियन तोडायचं नसतं, पिकून आपणहून पडू द्यायचं. म्हणजे खाली कुणीतरी बसून राहायला हवं, नाहीतर गावची पोरं आधी पोचतात. मेहुणे बसतात आणि घोरतात. मागल्या खेपेला फळ उशापाशी पडलं तरी जाग आली नाही, आणि सकाळी फक्त सालं मिळाली.

तेव्हा झाड तुझं, राखणही तुझी. झाडाजवळ खोली बांधून झाली आहे. पलंग आहे, फळी आहे. देस्माने भिंत रंगवली आणि तिचं म्हणणं आहे, मामाने तिच्या लग्नाची मागणी घालायला मुलाच्या घरी जायचं असतं, म्हणून मामा जवळ असलेला बरा. मुलगा कोण, ते मला सांगत नाही, मामाला सांगेन म्हणते.

खिडकी मात्र पूर्वेला केली नाही. स्वयंपाकघराकडे केली. जेवायला हाक मारली की ऐकू यायला हवी.

गुनार्दीसाहेबांनाही जेवायला घेऊन ये, असले तर.

वाट बघणारी,
उनी

*

जकार्ता
२१ जुलै १९९६

प्रिय उनीस,
सलाम व वि. वि.

पत्र आगारातच बसून वाचलं. शेजारचा हमाल विचारत होता, घरी काही वाईट झालं का? मी म्हटलं, नाही रे बाबा, नोकरी लागली.

गुनार्दीसाहेब येणार नाहीत. त्यांचा जन्मच झालेला नाही. हे मावशीला एवढ्यात सांगू नकोस, नाहीतर ती पुन्हा सुपारी घेऊन बसेल.

राखणीचा अनुभव विचारशील तर लहानपणी गावातल्या एकूण एक डुरियनखाली मी चोऱ्या केल्या आहेत. पोरं कुठून शिरतात ते मला पक्कं ठाऊक आहे. हेन्द्रीला कळवलं. तो म्हणाला, आता सुट्टीत कुठे जायचं ते तरी समजलं.

हात रिकामेच घेऊन येतोय, उनी. सामान म्हणजे एक पेटी आणि तीनीची शिलाई मशीन, ती देस्माला. परवाच्या गाडीचं तिकीट काढलं आहे. समुद्र ओलांडायची बोट वेळेवर मिळाली तर हे पत्र येण्याआधी मीच दारात असेन, आणि मग तूच मला हे वाचून दाखव.

खिडकी आहे तिथेच चांगली आहे. एका माणसाचा भात जास्त टाकत जा.

तुझा,
युलिझार