दाढेचा बिंदू

उरण, ४ जानेवारी २०२५

चि. भावनास,
आईचा जयभीम व अनेक आशीर्वाद. वि. वि.

मोबाईल तुझ्या बाबांच्या हातून सुटत नाही, म्हणून पत्र लिहितेय. निवृत्त झाल्यापासून ते त्यावर अॅक्युप्रेशर शिकतात. आल्यागेल्याचा तळहात धरायचा आणि अंगठा रुतवायचा. शेजारच्या सोनाबाईचं डोकं एकदा दुखायचं थांबलं, तेव्हापासून तर विचारूच नकोस. दूधवाला पिशवी दारात ठेवून पळतो.

आता काळजीचं. त्यांची दाढ दुखतेय. गाल पावासारखा फुगलाय, जेवण बंद, नुसती पेज. तरी हातावरचा बिंदू दाबत बसलेत. डॉक्टरचं नाव काढलं की म्हणतात, लोकांना मी बरं करतो, मीच दवाखान्यात गेलो तर काय तोंड दाखवू? तोंड दाखवण्यासारखं राहिलंय कुठं! मी ओरडले की उठून बाहेर जातात. तूच काहीतरी सुचव.

माया आहेच, ती लिहून काय सांगू.
तुझी आई,
भिमाबाई


श्रीवर्धन, ७ जानेवारी

ती. आईस,
सविनय जयभीम. वि. वि.

पत्र वाचून आधी हसले, मग घाबरले. इतकी सूज म्हणजे आता बिंदूचं काम नाही. माझी शाळेतली मैत्रीण तेजस्वी उरणातच दातांची डॉक्टर आहे. दिवसभर वाकून तिची मान धरलीय, हे अगदी खरं. तिच्याशी बोलून ठेवलंय. बाबांना सांग, डॉक्टरीणबाईंना तुमच्या अंगठ्याची गरज आहे. पुढे खुर्चीत कसं बसवायचं ते ती बघेल. तू मात्र बरोबर जा, नाहीतर ते वाटेतून परततील.

शेजारचा निकेत तिकडे येतोय, त्याच्याबरोबर पत्र देते. त्याचा तळहात तेवढा सांभाळ.

आहे तसाच जीव लावत राहा.
तुझी भावना


उरण, १० जानेवारी

चि. भावनास,
जयभीम व आशीर्वाद. वि. वि.

दाढ निघाली! बाबा इस्त्रीचा शर्ट घालून गेले. तेजस्वीची मान दाबली. खरंच हलकं वाटतंय म्हणाली, आणि लगेच म्हणाली, काका, आता तुम्ही तोंड उघडा. डाव त्यांच्या लक्षात आला. माझ्याकडे असं बघितलं की काय सांगू! पण तिच्यासमोर नाही कसं म्हणणार? बसले.

सुई दिसताच माझा हात असा आवळला की बांगडी वाकली. दाढ निघेपर्यंत सोडला नाही. घरी आल्यावर, तोंडात कापसाचा बोळा धरून मला समजावलं की ते मुळीच घाबरले नव्हते. माझी भीती जावी म्हणून माझा बिंदू दाबत होते.

असेल बाई. दवाखान्याची पायरी चढताना मीच घाबरले होते, पण त्यांनी हात धरला होता तेवढा वेळ मला खरंच भीती वाटली नाही.

लोभ वाढता राहू दे.
तुझी आई