मेजरचा मुकुट काही सुटेना

अपर थॉर्नबी,
चर्चच्या मागे, नेहमीचंच घर

प्रिय विनीताईस,

हेस्टरचा नमस्कार आणि गालाला पापा. तुझी कंबर कशी आहे? हवा मानवेल म्हणून समुद्राकाठी गेलात, आणि तुझी मागची दोन्ही पत्रं सर्दीपडशानेच भरलेली! दाजींना मात्र या खेपेला माझा नमस्कार सांगू नकोस. ते बिलियर्ड खेळतात, आणि सध्या माझं त्या खेळाशी वैर आहे. का ते सांगते. चहा ओतून घे आणि बस.

आपल्या नाट्यमंडळाची रीत तू विसरली नसशील. नाटक संपताना ज्याच्या डोक्यावर मुकुट, तोच वर्षभर मंडळाचा अध्यक्ष. (निवडणूक घ्यायची तर शेजाऱ्याविरुद्ध हात वर करावा लागतो, आणि त्यापेक्षा इथले लोक गाव सोडून जातील.) त्यामुळे मेजर ऑब्री पेलहॅम वर्षानुवर्षं राजाही आणि अध्यक्षही. त्यांची बायको राणी, त्यांचा कुत्रा शिकारीच्या प्रवेशात. मी आपली विंगेत, मांडीवर संहिता, हातात विणकाम, अडलेल्याला वाक्य पुरवायला. यंदा मेजरनी डोक्यात घेतलं की नाटकं पुरे झाली, हॉलमध्ये बिलियर्डचं टेबल टाकायचं. प्रयोगानंतर लगेच चहावर सभा, आणि अध्यक्ष म्हणेल ती पूर्व! ताई, त्या विंगेशिवाय मला आहे काय गं? घरी मांजर आणि रेडिओ. मला खरंच रडू आलं.

पण आपले पाद्रीबाबा दिसतात तेवढे भोळे नाहीत. त्यांनी नाटक निवडलं ते जुनं, राजाचं आणि दरबाराचं, चांगलं पाच अंकी. त्यात सरदार बंड करतात आणि अगदी शेवटच्या प्रवेशात राजा भर दरबारात आपल्या हाताने मुकुट काढून देतो. मेजरनी होकार दिला, कारण त्यांनी फक्त आपली भाषणं मोजली (लांबलचक आहेत, स्वारी खूश). बरं, तालमीत तरी डोक्यात प्रकाश पडावा, तर तेव्हा मुकुट माझ्याकडे डागडुजीला. (बिस्किटांच्या डब्याचा पत्रा तो, माणकांच्या जागी खोकल्याच्या गोळ्या, दरवर्षी कुणीतरी एखादी चघळतंच.) त्याच्या जागी आम्ही चहा गरम राहावा म्हणून किटलीवर घालतात ते लोकरी टोपडं वापरत होतो. ते टोपडं मेजर रोज हसतमुखाने देऊन टाकत. टोपडं घालून कोण अध्यक्ष होणार?

प्रयोगाच्या दिवशी हॉल गच्च भरला. बंडखोर सरदार म्हणजे आपला डेंझिल खाटीक. माणूस सोन्यासारखा, पण मेजरकडचं रविवारचं बीफ त्याच्याच दुकानातून जातं. तो म्हणाला, "मुकुट द्या." मेजरनी हात वर नेला, पत्रा बोटांना लागला, आणि तेव्हा कुठे उजेड पडला! दोन्ही हातांनी मुकुट घट्ट धरून म्हणतात कसे, "नाही देत, जा!" (हे वाक्य नाटकात नाही, असतं तर मीच पुरवलं असतं.) लोकांना वाटलं, काय अभिनय! टाळ्यांचा कडकडाट. डेंझिलची पाचावर धारण बसली. "मेजरसाहेब, तुमची हरकत नसेल तर… म्हणजे घाई नाही म्हणा." त्याचं सैन्य तिघांचं, त्यातले दोघे मेजरच्या घरांत भाड्याने राहतात, ते आपापले बूट न्याहाळू लागले. पाद्रीबाबा आर्चबिशप झाले होते, ते नुसते खोकले. मी विंगेतून वाक्य पुरवलं, "घे हा मुकुट." आधी हळू, मग मोठ्याने. शेवटी मागच्या रांगेतून बहिऱ्या मिस क्विलसुद्धा ओरडल्या, "अहो, ती म्हणतेय, घे हा मुकुट!" मेजर ढिम्म. उलट राजनिष्ठा, पाऊसपाणी आणि कुंपण तुडवणाऱ्या मेंढ्या यांवर भाषण ठोकू लागले.

तेवढ्यात स्वयंपाकघरातून निरोप आला, चहाचा काढा झालाय. माझं डोकंच फिरलं. तशीच रंगमंचावर शिरले, अंगात जुना स्वेटर, पायात सपाता. म्हटलं, "ऑब्री, पुरे झालं. आण इकडे." (त्याला अरेतुरे करणारी गावात मी एकटीच उरलेय, शाळेत एका बाकावर होतो.) आणि घेतला उचलून! एवढ्यात माझा लोकरीचा गुंडा घरंगळला. तो उचलायला हात मोकळे हवेत म्हणून मुकुट ठेवला डोक्यावर, आणि पडदा पडला.

सभेत सगळे चिडीचूप. 'हेस्टर नको' म्हणायचं तर कुणीतरी तोंड उघडायला हवं ना! शेवटी डेंझिलच म्हणाला, "अध्यक्षबाई, साखर किती?" झालं. बिलियर्डचं टेबल बारगळलं, नाटक वाचलं. मेजर कोपऱ्यात केक खात होते, टकलावर खोकल्याच्या गोळीचा लाल डाग. वाईट वाटलं गं. पण काय ही हाव! एवढ्याशा पत्र्यासाठी! माणसाला वेळेवर उतरता यायला हवं की नको?

तुझीच,
हेस्टर

ता. क. पुढचं नाटक पाद्रीबाबा निवडणार होते. मी म्हटलं, तुम्हाला तसदी नको. तू शाळेत मुलांसाठी नाटकं लिहायचीस ना? मला एक राणीचं लिहून पाठव. राणी पहिल्या अंकापासून सिंहासनावर बसलेली असावी (माझे गुडघे दुखतात).

ता. क. दुसरा. डेंझिल परवा सहज म्हणाला, मुकुट आळीपाळीने घालावा. मी त्याच्याकडून मटण घेणं बंद केलंय. मुकुट माझ्या कपाटात आहे. तालमीला टोपडंच मिळेल.

ता. क. शेवटचा. राणी शेवटी मेली तरी माझी हरकत नाही, लोकांना रडायला आवडतं. पण मरताना मुकुट डोक्यावरच हवा, आणि पडदा लगेच पाड.