काथ्याची गाठ

बाबा, गिअरच्या दांड्याची पिन ठोकून बाहेर काढायला गेलो तर पिन नव्हतीच. भोकाभोवती काथ्या होता. ग्रीसमध्ये घट्ट झालेला, एका बाजूने करपलेला. मी गाडीखाली उताणा पडलो होतो आणि तो गाठीसकट कापून काढताना माझ्या लक्षात आलं, की ही गाठ मला ठाऊक आहे. होडीवरची गाठ. या किनाऱ्यावर ती शंभर जण मारतात, पण शेवटचा पीळ उलटा फक्त तुम्ही देत होता.

गाडी तीच, मिठबावच्या वकिलांची. दोन माणसांची, बिनछपराची विलायती गाडी, गोव्यात पोर्तुगीज होते तेव्हा तिकडून आणलेली. त्या दसऱ्यानंतर वकिलांनी ती खोपीत घातली आणि कुणालाही हात लावू दिला नाही. आता त्यांच्या पुतण्याला ती चालवायची आहे. त्याने ती माझ्याकडे आणली, कारण तालुक्यात दुसरा मिस्त्री नाही. गॅरेजवर पाटी अजून तुमच्या नावाची आहे. लोक अजून मला ऐकवतात, "बापाशीच्या हातात यश होता."

तेव्हाही हेच काम होतं. गिअरचा दांडा खालच्या सळीला जिथे जोडतात तिथलं भोक घासून लांबट झालं होतं. दांडा हातात लुळा पडायचा, दुसरा गिअर शोधावा लागायचा. तुम्ही भोक मोठं करून त्यात पितळी कड्याचा बुश बसवला, नवी पिन घातली. काम सुंदर झालं होतं, ते मी नाकारत नाही. राहिली होती फक्त स्प्लिट पिन. ती मोठ्या पिनेच्या टोकात घालून तिचे दोन पाय पकडीने वाकवायचे, म्हणजे मोठी पिन निसटत नाही. एका मिनिटाचं काम. पण त्या दिवशी खंडेनवमी होती आणि पक्कड पूजेत होती.

अजून दिसतं, वकील दारात उभे आहेत. पांढरा कोट, हातात टोपी.

"मिस्त्री, उद्या सोना लुटूक जावचा आसा माका. देवाक पक्कड कित्याक व्हयी?"

"तुमका देवाची गरज नाय, वकिलांनू. माका आसा. पूजेक लावलेला हत्यार उद्या दुपारपर्यंत हालाचा नाय."

आणि तुम्ही काथ्या घेतला. वीस वर्षं होडीवर काढलेला माणूस, काथ्यावर तुमचा देवाइतकाच विश्वास. त्या जागेपासून वीतभर अंतरावर सायलेन्सरचा तापणारा नळ जातो, हे होडीला ठाऊक नसतं.

दसऱ्याला सकाळी उतारावर वकिलांनी गिअर बदलायला दांडा ओढला आणि तो मोकळाच हातात आला. एकट्या ब्रेकने गाडी थांबली नाही, चिऱ्याच्या गडग्याच्या भिंतीवर आदळली. त्यांचा पाय कायमचा गेला. चाळीस माणसं जमली होती, तुम्ही माझ्याकडे बोट केलंत. "पिन मारूचा काम ह्या झिलाचा होता. इसारलो तो."

मी बावीस वर्षांचा होतो. त्यानंतर या तालुक्यात माझ्या हातात कुणी साधा पाना दिला नाही. अकरा वर्षं मी कोल्हापुरात ट्रकखाली पडून काढली. तुम्ही गेलात तेव्हा तार आली होती. मी ती वाचली आणि कामाला लागलो. बाराव्यालाही आलो नाही; परतलो ते नंतर, बंद पडलेलं गॅरेज उघडायला. आईला तोंड दाखवलं नाही, ते मला लागतं. तुमचं काही लागत नाही.

उद्या पुन्हा नवमी आहे. बुश मी बसवला आहे, पिन घातली आहे, स्प्लिट पिनही. तिचे पाय मुद्दाम सरळ ठेवलेत. उद्या तुमची पक्कड तुमच्या फोटोखाली पूजेला लावीन, हळदकुंकू वाहीन आणि मग सगळ्यांसमोर उचलीन. पुतण्याबरोबर वकील येणार आहेत. त्यांच्या हातावर गाठ ठेवीन. त्यांना सांगीन, ही ओळखा.

एवढं लिहून थांबणार होतो. पण त्या दिवशी गाडीखाली आपण दोघे होतो. सळी मी धरली होती. उलटा पीळ देऊन तुम्ही माझ्याकडे पाहिलंत आणि विचारलंत, "टिकतली मां रे?" त्याआधी तुम्ही मला कामातलं कधी काही विचारलं नव्हतं.

मी म्हटलं, "टिकतली."

हे पुढचं नवमीच्या दिवशी लिहितोय. सकाळी वकील काठी टेकत आले. मी पूजेतली पक्कड उचलली, गाडीखाली जाऊन पाय वाकवले. हळद पिनेला लागली. मग त्यांच्या हातावर गाठ ठेवली आणि तुमचं नाव सांगितलं. माझं सांगितलं नाही. पक्कड पुसून परत पूजेत ठेवली. हा कागद हत्यारांच्या पेटीत, तिच्या खणात ठेवतोय.